वही तिची, कमिट तुझं

ताई, नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा, पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. माझी शाळेपासूनची मैत्रीण मिरजेत गाण्याच्या शिकवण्या घेते, विशारद आहे. मागच्या गणपतीत गप्पा मारता मारता आमचं ठरलं, की रेकॉर्डिंग दिल्यावर गायकाचा सा कुठे आहे हे ओळखणारं फंक्शन लिहायचं आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या एका खुल्या ऑडिओ लायब्ररीला (म्हणजे कुणीही वापरावं अशा तयार कोडच्या भांडाराला) द्यायचं. (लायब्ररीचं नाव खाली लिहिलंय, पण कृपया छापू नका.)

रात्री मी कोड लिहायचो, ती रेकॉर्डिंगं ऐकायची. तिनं एक वही केली. चौसष्ट रेकॉर्डिंगं, प्रत्येकाचा सा, तानपुरा कशात मिळवलाय, आणि माझा प्रोग्रॅम कुठे फसतोय. मूळ अल्गोरिदम मी एसेन्शिया नावाच्या लायब्ररीतला सी प्लस प्लस कोड समोर ठेवून पायथनमध्ये उतरवला, वेळ वाचला. टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासणारा कोड, एआयकडून लिहून घेतल्या.

दिवाळीनंतर पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा कोड तुमच्यात घ्या' अशी विनंती, टाकली. १,८०० ओळी, ३१ फाइली, त्यातल्या १२ आवाजाच्या. पाच आठवडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एका मेंटेनरनं, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्यानं, चार ओळी लिहिल्या. लहान तुकडे करून आणा; अल्गोरिदम कुठून घेतला; या ऑडिओ फाइली कुणाच्या; आणि हे आमच्याच लायब्ररीत का असावं? साधं 'थँक्स' नाही. मी दोन पानी उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही.

त्यात मैत्रिणीला लिंक पाठवली, तर तिनं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे तुझं काम." तेव्हापासून तिचा फोन नाही. मी तिला म्हटलं होतं, अगं, तिथे कोड लिहिणाऱ्याचंच नाव येतं, मी तरी काय करू. आता वाटतं, सरळ फोर्क करावं, म्हणजे लायब्ररीची वेगळी प्रत काढावी, आणि आपलं आपण चालवावं. काय करू? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.

— काळी एक, पुणे

*

काळी एक,

अरे-तुरे करायला तू परवानगी दिलीस ते बरं झालं, कारण थोडं रागावायचंय.

आधी ते दोन पानी उत्तर. ते पाठवू नकोस. ड्राफ्टमध्ये राहू दे, महिन्याभरानं वाच, तुलाच हसू येईल. तू ज्या चार ओळींवर चिडलास त्या मी तीनदा वाचल्या. त्या माणसानं (किंवा बाईनं, तुला तरी कुठे माहितीय) चार प्रश्न विचारलेत आणि चारही बरोबर आहेत. 'थँक्स' राहिलं हे खरं. पण ज्या लायब्ररीवर जगभरातले हजारो लोक अवलंबून असतात ती बहुतेक वेळा दोन-चार माणसं आपली नोकरी, पोरंबाळं आणि झोप सांभाळून चालवत असतात. पाच आठवड्यांनी का होईना, एकानं १,८०० ओळी उघडून बघितल्या आणि नेमके प्रश्न लिहिले. 'नको' एवढा एकच शब्द लिहून खिडकी बंद करता आली असती.

मी स्वतः पहिल्यांदा असं काही पाठवलं तेव्हा दुरुस्ती एका ओळीची होती. पण माझ्या एडिटरनं सेव्ह करताना चाळीसेक फाइलींतल्या मोकळ्या जागा आपल्या मर्जीनं सारख्या केल्या, आणि मी ते न बघताच ढकलून दिलं. ज्यानं रिव्ह्यू केला त्यानं एवढंच विचारलं, "यातली तुमची ओळ कुठली?" मी दोन दिवस धुमसत होते. त्याचा प्रश्न अजून विसरले नाही. तुलाही तोच विचारते, फक्त तुझ्या बाबतीत तो जरा जास्त बोचणार आहे.

१,८०० ओळींतल्या तुझ्या ओळी कुठल्या?

गाभ्याचा अल्गोरिदम एसेन्शियाचा. टेस्ट एआयच्या. प्रोग्रॅम कुठे चुकतो आणि का चुकतो, हे वहीत, म्हणजे तिचं. उरलं ते या सगळ्याला जोडणारं काम. ते कमी नाही, रात्री जागून केलंयस. पण तू तिला जे सांगितलंस, "तिथे कोड लिहिणाऱ्याचंच नाव येतं," ते या हिशेबात कुठे बसतं ते बघ.

लायसन्सचं आधी सांगते, कारण त्यात थांबायला वेळ नाही. एसेन्शिया ही बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत तंत्रज्ञान गटाची लायब्ररी. तिचं लायसन्स एजीपीएल, तिसरी आवृत्ती. तुझी लायब्ररी बीएसडी, आयएससी या घराण्यातली. या घराण्यातला कोड कुणीही घ्यावा, बंद उत्पादनात घालावा, फक्त मूळ कॉपीराइटची नोंद ठेवावी. एजीपीएलचं घराणं कडक. त्यातून बनवलेलं वाटलंत, अगदी बदलून सर्व्हरवर लोकांना वापरायला दिलंत, तरी सोर्स द्यावा लागतो. एका घराण्याची चीज ऐकून दुसऱ्यात गायली तर फार तर कुजबुज होते, पण इथे एजीपीएलचा कोड आयएससीच्या पेटीत ठेवला तर ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला तू नकळत अडचणीत टाकतोस. आणि "मी कॉपी केला नाही, पायथनमध्ये उतरवला" याचा उपयोग नाही. ओळीमागून ओळ भाषांतर केलेली कादंबरी जशी अनुवादकाची स्वतंत्र कादंबरी होत नाही, तसंच. शिवाय एसेन्शियावाले व्यावसायिक लायसन्स वेगळं देतात, म्हणजे हा भेद त्यांच्या दृष्टीनं नावापुरता नाही.

म्हणून आज रात्रीच ती फाइल पुल रिक्वेस्टमधून काढ आणि मेंटेनरला सरळ सांग की हा भाग एजीपीएल कोड बघून लिहिला होता, काढून टाकलाय. लाजायचं कारण नाही. हे आपणहून सांगणाऱ्या माणसाचा पुढचा कोड लोक निवांत मनानं वाचतात. न सांगता गुपचूप चार व्हेरिएबलांची नावं बदललीस तर मात्र माझ्याकडे पुन्हा पत्र लिहू नकोस.

कल्पना मात्र कुणाच्या मालकीच्या नसतात. या विषयावर सलामोन, गुलाटी आणि सेर्रा यांचा २०१२ चा शोधनिबंध आहे, भारतीय शास्त्रीय संगीतातला आधारस्वर एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांवरून कसा ओळखायचा याबद्दल. निबंध वाचून स्वतः लिहिता येतं. फक्त तू मूळ कोड इतक्या जवळून बघितलायस की तुझ्या हातून तेच वळण पुन्हा येईल. त्यामुळे तो भाग कुणी तरी दुसऱ्यानं निबंधावरून लिहावा, किंवा तुम्ही दोघांनी वेगळ्या वाटेनं जावं. आणि वेगळी वाट त्या वहीत आहे असं मला वाटतं. पत्रासोबत वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेस. घाईत पाठवलेस बहुतेक, पण मी तुझा कोड वाचला त्याहून जास्त वेळ ती पानं वाचली.

बारावी नोंद बघ. "मालकंस. तानपुरा म-सा. हा म ला सा म्हणतोय." आणि सव्विसावी: "मारवा. तार नि ला. सा गायकानं फारसा धरलेलाच नाही, बिचारं यंत्र काय करेल." हे वाचून मी एकटीच हसले.

या दोन नोंदींत सगळा प्रश्न आहे. तुझा प्रोग्रॅम काय करतो? रेकॉर्डिंगमध्ये कुठली कंप्रता सर्वांत जास्त वेळ वाजते ते मोजतो आणि तिला सा म्हणतो. पण चार तारांच्या तानपुऱ्यात पहिली तार बहुधा पंचमाची, मग जोडीच्या दोन सा च्या, शेवटी खर्ज. मालकंसात पंचम नाही, तेव्हा पहिली तार मध्यमात. मारवा-पूरियाला पुष्कळदा निषादात. त्यावर जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिळणारा झंकार) लावली की तार आपल्या मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरांशांतच (मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या सुरांत) जास्त बोलते. खर्जाच्या तारेचा तिसरा स्वरांश म्हणजे वरचा पंचम, पाचवा म्हणजे ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो तो. तार छेडलीय सा ची आणि यंत्राला ऐकू येतायत प आणि ग. माणसाचा कान यातून सा उचलतो, कारण तो कान वर्षानुवर्षं तानपुऱ्याशेजारी बसलेला असतो. तुझ्या मैत्रिणीचा बसलाय. तुझा नाही, माझाही अर्धाच.

आणि तुझ्या टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या. कशा? मी उघडून बघितलं. एआयनं तुझं फंक्शन चालवलं, जे उत्तर आलं ते लिहून घेतलं, आणि टेस्टमध्ये म्हटलं की उत्तर हेच यायला हवं. मालकंसात म येतोय, तर म यायलाच हवा, टेस्ट पास! परीक्षार्थ्यानंच उत्तरपत्रिका तपासली. खरं उत्तर काय, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे आणि ते मिरजेत आहे.

तर टेस्ट नव्यानं लिही, वही समोर ठेवून. आणि त्या बारा ऑडिओ फाइली काढून टाक. मेंटेनर त्या फाइलींबद्दल विचारतो त्याला दोन कारणं आहेत. एक हक्कांचं. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, गायकाचे कलावंत म्हणून हक्क त्याहून वेगळे, आणि रेपो, म्हणजे कोडचा साठा, ज्या देशात ठेवलेला आहे तिथला कायदा आणखी वेगळा. 'यूट्यूबवर होतं' हे लायसन्स नव्हे. दुसरं कारण तुला कदाचित सुचणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझी या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रकल्पात चोरवाट सापडली. दोनेक वर्षं नम्रपणे मदत करून विश्वास कमावलेल्या एका योगदानकर्त्यानं ती घातली होती. सापडली कशी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. आणि तो घातक कोड दडवला कुठे होता? टेस्टसाठीच्या बायनरी फाइलींत. कोड वाचता येतो, बायनरी फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही. तेव्हापासून अनोळखी माणसानं एकदम बारा बायनरी फाइली आणून ठेवल्या की मेंटेनर दचकतो. तू सांगलीचा साधा मुलगा आहेस हे त्याला कसं कळणार?

फाइलींवाचून टेस्ट लिहिता येते. उलट जास्त चांगली होते. कोडमध्येच नकली तानपुरा तयार कर. काळी एकचा सा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ, त्याचे दहा-पंधरा स्वरांश, वरच्यांना मुद्दाम जोर दे, त्यात पंचमाची तार मिसळ, थोडा गोंगाट घाल. आता खरं उत्तर तुला आधीच माहीत आहे. दुसऱ्या टेस्टमध्ये पंचमाऐवजी मध्यम, तिसरीत निषाद. बायकांच्या सुरासाठी काळी चार घे, २०७.७. किती मध्यम मिसळला की प्रोग्रॅम फसतो आणि गाण्यात प्रत्यक्षात तो किती असतो, हे तिला विचार. आणि उत्तर अगदी बरोबरीचं तपासू नकोस, सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) तपास. दहा सेंटांची मोकळीक दिलीस तर काळी एकवर ती पाऊण हर्ट्झच्या जरा वर जाते. स्वयंभू गंधार पेटीच्या गंधारापेक्षा चौदा सेंट खाली असतो, त्यामुळे दहाच्या आत राहणं बरं. हा आकडा दहा असावा की पाच, हेही कानाचंच काम. तिचं.

आता तिच्याकडे येते. खरं तर पत्र वाचल्यापासून तिच्याकडेच यायचं होतं.

"छान आहे तुझं काम." तू हे वाक्य मला जसंच्या तसं लिहून पाठवलंस, म्हणजे कुठला शब्द टोचला ते तुला कळलंय. गाण्याच्या बैठकीत निवेदक काय म्हणतो? तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक, आणि तानपुऱ्यावर साथ. मागे बसून दोन तास त्याच चार तारा छेडणाऱ्या शिष्येचंसुद्धा नाव घेतलं जातं. भावगीताच्या जुन्या तबकडीवर गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलं कुणी, हे वेगवेगळं छापलेलं असायचं. कुणी म्हटलं नाही की माइकसमोर मी उभा होतो, तेव्हा नाव माझंच. ज्या परंपरेतलं गाणं तुम्ही त्या लायब्ररीत नेताय, तिचीच रीत विसरलास.

आणि तांत्रिकदृष्ट्याही तू तिला चुकीचं सांगितलंस. कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात शेवटी एक ओळ रिकामी सोडून को-ऑथर्ड-बाय असं लिहायचं, पुढे नाव आणि ईमेल. गिटहबवर, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या साइटवर, हे २०१८ पासून चालतं, दोघांची चित्रं शेजारी शेजारी दिसतात आणि काम दोघांच्या खात्यावर मोजलं जातं. त्यासाठी तिचं खातं लागेल आणि त्या खात्याला जोडलेला ईमेल. स्वतःचा ईमेल जगाला दाखवायचा नसेल तर गिटहबच तिला उत्तर न येणारा एक पत्ता देतं, तो वापरावा. हे तिला विचारून कर. काहींना नाव नको असतं, काहींना सासरचं नको असतं, काहींना फक्त आद्याक्षरं चालतात. तुझ्या मनानं नाव टाकून "बघ, सरप्राइज" असा फोन करू नकोस.

नुसतं नाव टाकून हे मिटेल असंही मला वाटत नाही. गेले काही महिने ती बोलली तुझ्याशी, आणि जगाशी बोललास तू. तुझी पुल रिक्वेस्ट मी वाचली. त्यात "मला आढळलं की" सात वेळा आहे. तुला काय आढळलं, बाबा? तिला ऐकू आलं, तुला तिनं सांगितलं.

मेंटेनरच्या प्रश्नांना तिनं स्वतः उत्तर द्यावं. निदान कानाशी संबंध असलेल्यांना. तिला गिट, म्हणजे कोडचे बदल नोंदवणारं साधन, शिकवत बसू नकोस. रीबेस म्हणजे काय हे कळल्यानं कुणाचं गाणं सुधारलेलं नाही (आणि कोडही फारसं नाही, पण ते जाऊ दे). इश्यूत, म्हणजे प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर, लिहायला गिट लागत नाही, खातं आणि कीबोर्ड पुरे. इंग्रजीची अडचण वाटली तर लहान वाक्यं लिहावीत. कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये, कितव्या सेकंदाला, काय ऐकू येतं, प्रोग्रॅम काय म्हणतो. एवढं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेलं तुझ्या सफाईदार दोन पानांपेक्षा मेंटेनरला जास्त उपयोगी पडतं. ती मराठीत लिहून देईल आणि तू भाषांतर करशील असं ठरलं, तरी खाली तिचं नाव आणि भाषांतर तुझं, असं लिही.

तुला वाटेल, संगीतातल्या माणसाचं तिथे कोण ऐकणार. लिब्रोसाचं उदाहरण देते. ती पायथनमधली ऑडिओ विश्लेषणाची खूप वापरली जाणारी लायब्ररी आहे, म्हणून घेतेय. तिच्यात थाटाचं नाव दिलं की स्वरांचे क्रमांक (सा शून्य, पुढे अर्धा-अर्धा स्वर मोजत) देणारं एक फंक्शन आहे. काफी म्हटलं की शून्य, दोन, तीन, पाच, सात, नऊ, दहा. मारवा म्हटलं की शून्य, एक, चार, सहा, सात, नऊ, अकरा. दहा थाट, म्हणजे दहा छोट्या याद्या, शेजारी कर्नाटक पद्धतीचे बहात्तर मेळही. टाइप करायला दहा मिनिटं लागतील. पण ते दहाच का आणि हेच का, हे ठरवायला वाळकेश्वरात जन्मलेले वकील विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) गावोगाव, संस्थानोसंस्थान हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, पोथ्या वाचल्या, वाद घातले. त्या दहा ओळींत कोड किती आणि कान किती, ते तूच ठरव.

त्याच लायब्ररीत कंप्रता दिली की सरगमीतला स्वर सांगणारंही फंक्शन आहे, सा तुम्ही सांगायचा. ते जवळच्या अर्ध्या स्वरावर नेऊन बसवतं, म्हणजे दरबारीचा आंदोलित गंधार आणि काफीचा गंधार दोन्ही एकच कोमल ग. आलेखाच्या कडेला नाव छापायला ते ठीक आहे, पण गाणाऱ्या माणसाला ते खटकणार. तुमच्या लायब्ररीत असं काही असलं तर पहिलं योगदान म्हणून नवं फंक्शन न्यायची गरजच नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये दोन वाक्यं: हे कशासाठी आहे, कशासाठी नाही, आणि सा चुकीचा दिला तर काय होतं. दोन वाक्यांची पुल रिक्वेस्ट कुणीही चहा पिता पिता वाचून मर्ज करतं. तिथून ओळख होते.

मग पुढचं पाऊल इश्यू. कोड नाही, नुसता प्रश्न: तानपुऱ्याच्या साथीतल्या गायनाचा सा शोधायचा आहे, याला तुमच्याकडे जागा आहे का? हा मेंटेनरचा चौथा प्रश्न, आणि उत्तर 'नाही' आलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. सर्वसाधारण लायब्ररीत विशिष्ट संगीतासाठीचं फंक्शन घेतलं की ते पुढची दहा वर्षं त्यांनी सांभाळायचं असतं, आणि मारव्यात निषादाची तार का, हे त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नसेल तर बग आल्यावर ते कुणाला विचारणार? तुला? तू पाच आठवड्यांत फोर्क करायला निघालास.

फोर्कबद्दल एवढंच. लायसन्स परवानगी देतं, पण फोर्क केलंस की अख्खी लायब्ररी तुझ्या अंगावर. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्या किती प्रकल्पांना आपापला कोड तपासत बसावं लागलं. ते सगळं तू एकटा करणार आहेस का, एका फंक्शनसाठी? त्यापेक्षा छोटं स्वतंत्र पॅकेज काढा, जे त्या लायब्ररीचा वापर करेल. त्याचे मालक तुम्ही दोघं. मूळ लायब्ररीला त्यातला फक्त सर्वांना लागणारा तुकडा द्या. मला तर हाच मार्ग जास्त सरळ वाटतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी तो दिसायला हवा होता. पॅकेजच्या पहिल्या पानावर लेखक म्हणून दोन नावं लिहिताना कुठल्याही को-ऑथर्ड-बायच्या ओळीची, ईमेलची, कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि वही. तिला कोडच्या तळाशी गाडू नका. चौसष्ट रेकॉर्डिंगांचा सा, तानपुऱ्याची मिळवण, सेकंदांच्या खुणा, हे स्वतंत्र प्रकाशित करण्यासारखं आहे. गाण्याची फाइल द्यायची नाही, फक्त कुठलं रेकॉर्डिंग ते ओळखता येईल एवढी माहिती आणि तिच्या नोंदी. झेनोडो या संशोधनाच्या साठ्याच्या साइटवर ठेवलं की डीओआय, म्हणजे हवाल्यासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो, क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावता येतं, आणि उद्या मुंबईच्या आयआयटीत किंवा बार्सिलोनात कुणी ते वापरलं तर हवाला तिच्या नावानं जाईल. तिथे पहिलं नाव तिचं, दुसरं तुझं. का, ते आता सांगायला नको. नोंदींतली भाषा मात्र जशी आहे तशी ठेवा. 'बिचारं यंत्र' कापलंत तर मला राग येईल.

हे सगळं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नकोस. शनिवारी कोयना पकड आणि मिरजेला जा, सांगलीला घरी नंतर जाशील. लॅपटॉप ने, पण बॅगेतच राहू दे. आधी म्हण की मी चुकलो. 'पण' जोडू नकोस. ती म्हणेल, "अरे, त्यात काय एवढं." त्यावर विश्वास ठेवू नकोस. मग विचार, की हे पुढे करायचंय का तुला, आणि करायचं तर कसं. तिला नसेल करायचं तर वही तिची, ती मागेल तेव्हा परत दे, आणि तुझ्या कोडमधून तिच्या नोंदींवर उभं असलेलं जे आहे त्याचं काय करायचं हेही तिलाच विचार. करायचं असेल तर आठवड्यातली एक वेळ ठरवा, दोघांनी एकत्र बसायची, ती ऐकणार आणि तू तिच्यासमोर टाइप करणार. रात्री अकरानंतर पाठवलेल्या फाइली आणि सकाळी आलेली उत्तरं, यानं काम होतं. पण कुणाचं काय, हे कळेनासं होतं.

मेंटेनरला आज काय लिहायचं तेही सांगते. असं लिही: प्रश्नांबद्दल आभार. एक भाग एजीपीएल कोडवरून घेतला होता, तो काढतोय. ऑडिओ फाइलीही काढतोय. हे काम दोघांचं आहे, दुसऱ्या व्यक्तीशी बोलून दोन आठवड्यांत आधी इश्यू उघडू, तोवर ही पुल रिक्वेस्ट बंद करतोय. बास. सहीच्या वर आणखी काही नको.

राहता राहिलं एक. पत्रासोबत तू तीन नमुने पाठवलेस. त्यातल्या 'मालकंस शून्य तीन' नावाच्या फाइलीवर तुझी अख्खी एक टेस्ट उभी आहे. मी ती दोनदा ऐकली, मग पेटी काढून पुन्हा ऐकली. त्यात निषाद शुद्ध लागतोय. मला तो चंद्रकंस वाटतोय. माझा कान अर्धा, तेव्हा माझ्यावर जाऊ नकोस. वहीत त्या नोंदीपुढे तिनं काय लिहिलंय ते बघ.